महिला राजकारण्यांच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

कौतुकाची बातमी म्हणजे चांगली बातमी, ही वाचकांची सर्वांत सामान्य चूक आहे. नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव सातारा जिल्ह्यातच असल्यामुळे आपल्याकडे निवडून आलेल्या कोणत्याही महिलेला 'सावित्रीची लेक' म्हणण्याची पद्धत पडली आहे. 'रणरागिणी' हे विशेषणही तितकेच सवयीचे झाले आहे. मात्र त्या महिलेने ग्रामसभेत कोणता ठराव मांडला, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च केला आणि विरोध कोणी केला, हे बातमीत नसेल, तर तो सत्काराचा वृत्तान्त आहे, पत्रकारिता नव्हे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. जत किंवा माण तालुक्यातील टँकरच्या बातमीत सरपंच म्हणून महिलेचे नाव छापलेले असते, परंतु खाली प्रतिक्रिया तिच्या पतीची असते आणि आपणही ती सहज वाचून पुढे जातो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे सरपंचबाईंना गाठणे वार्ताहराला अवघड नाही. चांगला वार्ताहर थेट त्यांच्याशी बोलतो. त्यांना बोलू दिले जात नसेल, तर नेमकी तीच बातमी करतो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. ती झाली का, तिथे कोणते प्रश्न निघाले आणि ते ग्रामसभेपुढे गेले का, याची विचारपूस करणारा वार्ताहर मला विश्वासार्ह वाटतो. मात्र प्रत्येक महिला सरपंच नामधारीच असते, असे पुराव्याशिवाय लिहिणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये.

घराण्याचा उल्लेख दिसताच बातमी पक्षपाती ठरवणे हीसुद्धा चूकच आहे. प्रेमलाकाकी चव्हाण पतीच्या निधनानंतर कराडमधून लोकसभेत गेल्या, आर. आर. (आबा) पाटील यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी सुमनताई पाटील २०१५ च्या पोटनिवडणुकीत तासगाव-कवठेमहांकाळमधून आमदार झाल्या. हे सांगणे आवश्यकच आहे. पण सुमनताई २०१९ मध्ये पुन्हा निवडून आल्या, तेव्हा त्यांचे विधानसभेतील प्रश्न आणि सिंचनाविषयीची भूमिका सोडून बातमी केवळ 'आबांच्या पत्नी' इथेच थांबत असेल, तर ती अपुरी आहे. त्याचप्रमाणे, महिला नेत्यावर टीका केली म्हणून बातमी स्त्रीविरोधी होत नाही. टीका कामावर आहे की साडी, आवाज आणि संसारावर, एवढे पाहावे, आणि तोच प्रश्न शेजारच्या मतदारसंघातील पुरुष आमदारालाही विचारला जातो का, हे तपासावे.

निवडणुकीच्या दिवसांत सावधगिरी वाढवावी लागते. २००९ च्या निवडणुकांनंतर भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न सविस्तर मांडला होता. एखाद्या उमेदवाराची स्तुती दोन वृत्तपत्रांत शब्दशः सारखी असेल, वार्ताहराचे नाव नसेल आणि विरोधी बाजूचे एकही वाक्य नसेल, तर तो मजकूर जाहिरात समजूनच वाचावा.