मेडिकेड ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तरी थांबा: अमेरिकन जेलमधल्या मानसोपचाराचं बिल

काऊंटी जेलमध्ये थेरपिस्ट म्हणून लागताय. लायसन्स आहे, एनपीआय (उपचार देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आहे, बिलाचे कोड पाठ आहेत. आता एकच गोष्ट नीट ऐका, कारण नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो.

पोर्टलवर पेशंटचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, ‘ॲक्टिव्ह’ दिसतं. आपण ९०८३४ हा थेरपीचा कोड टाकून क्लेम पाठवतो, पैसेही येतात. फसगत होते ती इथेच. मेडिकेड असणं वेगळं आणि त्या दिवसाच्या उपचाराला ते लागू पडणं वेगळं. १९६५च्या मूळ कायद्यापासूनच सरकारी संस्थेत डांबलेल्या माणसाच्या उपचारावर मेडिकेडचा केंद्रीय पैसा वापरता येत नाही. कच्चा कैदी आहे, गुन्हा शाबीत व्हायचाय, उद्या जामीन होणार आहे, यानं काही फरक पडत नाही. बाहेरच्या हॉस्पिटलात २४ तास किंवा जास्त भरती झाला तर तेवढा खर्च मेडिकेडमधून निघू शकतो. इमर्जन्सीत नेऊन संध्याकाळी परत आणला, तर नाही.

अटकेची खबर मेडिकेडच्या कार्यालयात उशिरा पोचते, म्हणून पोर्टल जुनंच दाखवत राहतं. पुढे ऑडिटमध्ये तारखा जुळवतात आणि वसुली निघते. जादा पैसे आल्याचं लक्षात आल्यावर ६० दिवसांत परत करायचे असतात; कळूनही गप्प बसलात तर प्रकरण फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली (सरकारला खोटी बिलं लावण्याविरुद्धचा कायदा) जाऊ शकतं. “टाकून बघ, फार तर नाकारतील” असं सांगणारा सीनियर भेटेलच. त्याच्याकडून बाकी सगळं शिका, हे नको. नाकारलेल्या क्लेमपेक्षा मंजूर झालेलाच महागात पडतो.

म्हणून दर भेटीला जेलच्या रोस्टरवरून (कैद्यांच्या यादीवरून) बुकिंगची, म्हणजे आत घेतल्याची, आणि सुटकेची तारीख-वेळ टिपा आणि उपचाराच्या तारखेशी ताडून बघा. माणूस आत असेल तर बिल काऊंटीला किंवा जेलच्या आरोग्य कंत्राटदाराला, करारातल्या दराने. प्रोबेशन किंवा पॅरोलवर घरी राहणारा कैदी धरला जात नाही. त्याचा क्लेम नेहमीसारखा मेडिकेडला जातो.

करार कोडनुसार पैसे देणारा असेल तर मिनिटं सांभाळा. भेट १० ची, कैद्याला आणतात १०:२० ला आणि १०:५० ला गणतीसाठी परत नेतात. समोरासमोर झाली ३० मिनिटं, म्हणजे ९०८३२ (१६ ते ३७ मिनिटं). ९०८३४ ला किमान ३८ लागतात, ९०८३७ ला ५३. वाट पाहण्यात गेलेली वेळ धरायची नाही. १६ च्या आत आटोपलं तर थेरपीचा कोडच लागत नाही. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ नोटमध्ये लिहा, तीही त्याच दिवशी. ठिकाणाचा कोड ०९, म्हणजे जेल. हात सवयीनं ऑफिसचा ११ टाकतो. आणि लॉकडाउनमुळे भेट बुडाली तर त्या तासाचे पैसे मिळणार का, हे करारात आधीच लिहून घ्या. तोंडी “बघून घेऊ” म्हणजे नाही.

अलीकडे या बंदीतून थोड्या वाटा निघाल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सुटकेआधीच्या ९० दिवसांपर्यंतच्या काही सेवांना मेडिकेड लावायची परवानगी आधी कॅलिफोर्नियाला मिळाली. सुटताना ३० दिवसांची औषधं हातात देणंही त्यात आहे. १ जानेवारी २०२५ पासून निकाल लागलेल्या, २१ वर्षांखालच्या पात्र कैद्यांना सुटकेआधीच्या ३० दिवसांत तपासणी आणि केस मॅनेजमेंट द्यायचं आहे. पण राज्यात योजना आहे म्हणून तुमचं जेल तिच्यात आहे असं धरू नका. मंजुरीचा कागद मागा.

एवढं वाचून घाबरायला झालं असेल. घाबरू नका, पैशाचा घोळ तुमच्या पेशंटच्या आड येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल निकालापासून कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे. पुढच्याच वर्षी बाउरिंग विरुद्ध गॉडविन खटल्यात अपील कोर्टानं मानसिक आजारालाही तोच न्याय लावला. बिल कुणाचं हा वाद चालू असतानाही आत्महत्येचा धोका असलेल्याला तपासायचंच. आणि ते कोठडीच्या दाराच्या फटीतून नव्हे: शेजारच्या कोठडीत ऐकू जात असताना कुणी खरं बोलत नाही. खोली मागा. नाही मिळाली तर का नाही, ते नोटमध्ये लिहा.

जेलमधून सुटका कधीकधी रात्री, तुम्हाला न कळवता होते. बाहेरच्या क्लिनिकचा पत्ता आणि औषधांची यादी पहिल्याच भेटीत लिहून पेशंटच्या सामानात ठेवायला सांगा.