कोई तळं भिंतीवर: सिरॅमिक पॅनल कसं करावं

तळ्यातला मासा आपल्याला वरून दिसतो. कोई म्हणजे तळ्यात पाळतात तो रंगीत जपानी मासा. कोईची पारखही पाठीवरच्या नक्षीवरूनच करतात. म्हणून आकार काढताना पोट विसरा: निमुळतं, किंचित वळलेलं अंग, दोन्हीकडे पसरलेले पर, बारीक शेपूट. बाजूने काढलेला मासा पाहून तळं नाही, फिशटँक आठवतो.

तयार माप ३०×४५ सेंमी. माती १२ टक्के आकसणारी असेल तर कच्चं माप ३४×५१ ठेवा. ग्रॉग (भाजलेल्या मातीची भरड) घातलेली स्टोनवेअर माती (जास्त तापमानावर भाजायची) ६ किलो पुरते. १० मिमीच्या दोन पट्ट्यांमध्ये एकसारखी लाटा. त्यावर पाण्याच्या लाटांच्या रेषा २-३ मिमी खोल कोरा. पुढे ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) तिथेच साचून पाणी गडद दिसतं. मासे दीड सेंमीहून जाड नकोत. चिकटणाऱ्या दोन्ही बाजू ओरखडून, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून दाबून बसवा. माती जराशी घट्ट झाली की १७ सेंमीचे सहा चौरस कापा. सांधा माशाच्या अंगावरून गेला तरी चालेल, डोळ्यावरून नको. जाड भाग मागून पोखरा.

खरी परीक्षा वाळवण्यात. कडा आधी सुकतात, मध्य मागे राहतो आणि टाइल वाकते. कागद घालून दोन फळ्यांमध्ये ठेवा, रोज उलटा, आठ-दहा दिवस द्या. घाई केली तर भट्टीत उरलेल्या ओलीची वाफ होऊन मासा फुटतो.

वाळवण्याआधी, माती ओलसर असतानाच माशांवर पांढरी स्लिप, त्यावर नारिंगी अंडरग्लेझचे (ग्लेझखाली द्यायच्या रंगाचे) तीन हात. बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, १००० अंश सेल्सिअसवर. ६०० अंशांपर्यंत तापमान सावकाश चढवा.

माशांवर पारदर्शक ग्लेझचा पातळ हात. पाण्यासाठी त्याच ग्लेझच्या १०० ग्रॅम कोरड्या भुकटीत २ ग्रॅम कॉपर कार्बोनेट मिसळा (मास्क लावूनच). कॉपरने हिरवा होणारा हा ग्लेझ माशावर चढला तर नारिंगी मळकट होतो, म्हणून आधी माशांवर मेण लावा. कडेचे ३ मिमी ग्लेझ न लावता सोडा, नाहीतर टाइल भट्टीतल्या शेल्फला चिकटते. माती आणि ग्लेझ दोन्हींना चालत असेल तर १२२० अंशांवर, टाइल आडव्या ठेवून भाजा. तुटक्या टाइलवर चाचणी आधी घ्याच.

१२ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायवर २ मिमी फट ठेवून लवचिक पॉलियुरेथेन ॲडहेसिव्हने चिकटवा. वजन पाचेक किलो भरतं. एका खिळ्यावर भिस्त नको, रावळ प्लगसह दोन स्क्रू मारा.