लव्हाळ्यासारख्या गवताचा ब्रिजिड क्रॉस कसा विणावा

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला इंबोल्क हा सण, म्हणजे वसंताची चाहूल. मेंढ्या विण्याच्या बेतात असतात, त्यांच्या कासेत दूध उतरू लागतं. हाच किल्डेअरच्या संत ब्रिजिडचा दिवस. २०२३ पासून त्यानिमित्त तिथे सरकारी सुट्टीही मिळते. आदल्या संध्याकाळी घरोघरी गवताचा चार हातांचा क्रॉस विणतात. घराला आग लागू नये, हा त्यामागचा भाव. छपरं गवताची असताना ही भीती रोजचीच होती.

गवत पाणथळ जागेतलं, आपल्या लव्हाळ्यासारखं दिसणारं. काडी गोल, गुळगुळीत, आत पांढरा मऊ गर. रीत अशी, की ते कापायचं नाही, उपटायचं. पंचवीस-तीस काड्या घ्या, प्रत्येकी साधारण ३० सेंटीमीटर. ताजी काडी उत्तम. वाळकी वाकवताना तडकते, म्हणून ती आधी पाण्यात भिजवून मऊ करा.

एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या मध्यावर अडकवा. दोन्ही टोकं उजवीकडे. सांधा चिमटीत घट्ट धरून सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. उजवीकडची टोकं आता वर आली. तिसरी काडी दुमडून त्या वर आलेल्या टोकांना कवेत घ्या, तिचीही टोकं उजवीकडे. ओढून मध्याशी भिडवा आणि पुन्हा पाव फेरा. पुढची प्रत्येक काडी अशीच, वरच्या बाजूच्या सगळ्या काड्यांना वेढून.

बिघडतं ते बहुधा चिमटी सैल पडल्यामुळे. मधला चौकोन एकदा उसवला की तो नंतर आवळता येत नाही. तेवढ्या काड्या काढून परत विणणंच बरं. फिरवण्याची दिशा एकदाही चुकली तर काडी आधीच्या काडीला धरत नाही, निसटते. नवी काडी जुनीवर चढू देऊ नका, शेजारी बसवा.

प्रत्येक हातावर सहा-सात दुमडी झाल्या की शेवटच्या काडीची टोकं आधीच्या काडीच्या दुमडीतून ओवून घ्या. चारही हात टोकाशी सुतळीने बांधा, मग कात्रीने सारखे करा. आधी कापलं तर बांधायला लांबी उरत नाही. हिरवं गवत वाळताना आकसतं, त्यामुळे आठवड्याभराने सुतळी पुन्हा आवळावी लागते.

क्रॉस दाराच्या वर, आतल्या बाजूने लावतात. गेल्या वर्षीचा काढून टाकायलाच हवा असं नाही. जुन्या घरांत दरवर्षीचा क्रॉस छपराच्या वाशांत खोचलेला राही, चुलीच्या धुराने काळवंडलेला.