युरोपचं जुनं चांदीचं नाणं कोण्या टाकसाळीतलं, हे कसं ओळखायचं

आपल्याकडं आजीच्या पेटीतून चांदीचं जुनं नाणं निघालं की घरचे सरसकट त्याले राणीछाप म्हणून मोकळे होतात. पण त्यावर 'वन रुपी' नसंल, नाणं तळहातावर भारी लागत असंल अन् राणी जाडजूड, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी दिसत असंल तं ती व्हिक्टोरिया नाही, बहुतेक ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा आहे. तिची गोष्ट लय गमतीची आहे, पुढं सांगतो.

आधी एक सांगतो, राख, चिंच, टूथपेस्ट काहीच लावू नका बाप्पा! टाकसाळीची खूण कधी ज्वारीच्या दाण्याहून बारीक राह्यते, घासली का गेली. नुसत्या पाण्यातून काढा, सुती कापडानं टिपा. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूनं आडवा धरा अन् नाणं हळूहळू फिरवा, झिजलेल्या अक्षराचीही सावली पडते, त्याच वेळी दुसऱ्याले फोटो काढाले सांगा.

आता लोकं इथंच फसतात, टाकसाळीची खूण म्हणून एक अक्षर दिसलं की लगेच नेटवर शोधतात. 'ए' म्हणजे पॅरिसही होते, बर्लिनही अन् व्हिएन्नाही! म्हणून आधी देश अन् साल, अक्षर त्याच्या मागून. कडेची अक्षरं लॅटिनमध्ये असतील तं राजाचं नाव अन् पदवी पाहा, 'डी जी' म्हणजे देवाच्या कृपेनं, ते लय राजांच्या नाण्यावर सापडते, त्यावरून देश नाही समजत.

जर्मन साम्राज्याचं 5 मार्कचं असंल तं राजाच्या मानेखाली पाहा. ए बर्लिन, डी म्युनिक, एफ स्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बर्ग. फ्रान्सच्या 5 फ्रँकवर अक्षर मागच्या बाजूले सालाजवळ राह्यते, ए पॅरिस, के बोर्दो, अन् डबल बी म्हणजे स्ट्रासबर्ग. हे स्ट्रासबर्ग 1871 मध्ये जर्मनीकडं गेलं, म्हणून त्याच्यानंतरच्या सालाचं फ्रेंच नाणं डबल बीचं दिसलं तं शंका घ्या. अक्षराच्या आजूबाजूले मधमाशी, जहाजाचा नांगर असे बारके चित्रंही दिसतात, ते टाकसाळीच्या अधिकाऱ्यांच्या खुणा, शहर नाही.

स्पेनच्या 8 रियालचं तं विचारूच नका. राजा स्पेनचा, पण 'एम'च्या डोक्यावर बारीक 'ओ' असंल तं नाणं मेक्सिकोत पाडलेलं आहे, अन् एमवर मुकुट असंल तं माद्रिदचं. लय लोकं मेक्सिकोवाल्यालेच माद्रिदचं समजून बसतात.

आता मारिया थेरेसा. ती वारली 1780 मध्ये अन् तिच्या थेलरवर, म्हणजे तिच्या चांदीच्या मोठ्या नाण्यावर, आजही 1780च राह्यते, म्हणजे सालावरून काहीच नाही समजत. खाली 'एस एफ' दिसते तेही शहर नाही, गुंझबर्गच्या टाकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची आद्याक्षरं आहेत अन् पुढं सगळीकडं तसेच छापत राहिले. व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, अन् दुसऱ्या महायुद्धात चक्क आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही हे पाडले गेले! मग ओळखायचं कसं? छातीवरच्या ब्रोचचे मोती मोजायचे, गरुडाच्या शेपटीची पिसं पाह्यची, अन् दोन थेलर शेजारी ठेवून फरक शोधायचा. यात डोळे फुटतात, एका बैठकीत नाही होत.

वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या. थेलर साधारण 28 ग्रॅम, 5 मार्क 27.8, 8 रियाल 27, 5 फ्रँक 25, अन् आपला इंग्रजी रुपया 11.66. झिजलेलं थोडं कमी भरंल, पण तीन-चार ग्रॅमचा फरक असंल तं नकली समजा. माळेतलं नाणं असंल तं कडी डाग देऊन जोडलेली राह्यते, तिचं वजन धरा अन् खूण नेमकी डागाखाली तं दबली नाही ना तेही पाहा. सोनाराले कस घेऊ देऊ नका, कानस तं अजिबात नाही, तो चांदीच्याच भावानं बोलंल.

अन् नाणे वावरात नांगरताना निघाले असतील तं गुपचूप विकू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरले कळवावं लागते, अन् जुनी चांदी म्हटली का एका नाण्याची किंमतही दहाच्या वरच जाते.