आतल्या कोडची युनिट टेस्ट: लिनक्सवर चालते, विंडोजवर लिंकच होत नाही? या चुका टाळा

सी किंवा सी प्लस प्लस लायब्ररीच्या आतल्या फंक्शनची टेस्ट लिनक्सवर पास होते आणि विंडोजवर लिंकर ‘एलएनके २०१९’ (फंक्शन सापडलं नाही) ही एरर देऊन थांबतो. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधत बसू नका. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीतली स्टॅटिक नसलेली फंक्शनं न सांगता एक्सपोर्ट होतात, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला वापरता येतात; व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या डीएलएलमधून (विंडोजवरच्या शेअर्ड लायब्ररीतून) मात्र सांगितल्याशिवाय काहीच बाहेर येत नाही. लिनक्सवरही कंपाइलरची व्हिजिबिलिटी (काय बाहेर दिसावं ते ठरवणारी सेटिंग) ‘हिडन’ ठेवा, म्हणजे ही अडचण पहिल्याच बिल्डला कळेल.

टेस्टसाठी एक्सपोर्ट करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आतल्या फंक्शनला एक्सपोर्ट मॅक्रो लावला की ते कुणीतरी वापरू लागतं आणि मग तुम्हाला ते बदलता येत नाही. सीमेक या बिल्ड टूलचा ‘विंडोज एक्सपोर्ट ऑल सिम्बॉल्स’ पर्यायही यावरचा उपाय नाही. त्याने फंक्शनं बाहेर येतात, पण ग्लोबल व्हेरिएबलसाठी वापरणाऱ्या बाजूला इम्पोर्टची खूण लावावीच लागते.

त्यापेक्षा सगळ्या सोर्स फाइल्सची सीमेकमध्ये एक ऑब्जेक्ट लायब्ररी (कंपाइल झालेल्या, पण अजून लिंक न केलेल्या फाइल्सचा संच) करा. तिच्यावर ‘पोझिशन इंडिपेंडंट कोड’ (मेमरीत कुठेही लोड करता येणारा कोड) चालू करा. ते आपोआप होत नाही, आणि विसरलात तर लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी लिंक होताना अडेल. मग याच ऑब्जेक्ट फाइल्स शेअर्ड लायब्ररीलाही द्या आणि टेस्टच्या एक्झिक्युटेबललाही. टेस्टच्या फाइल्स कंपाइल होताना एक्सपोर्ट मॅक्रो रिकामा असला पाहिजे. तो इम्पोर्ट म्हणत राहिला, तर ‘एलएनके ४२१७’ सारख्या वॉर्निंग येतात.

आता त्याच टेस्टला वर शेअर्ड लायब्ररीही जोडू नका. विंडोजवर ग्लोबल स्टेटच्या दोन प्रती होतात: टेस्ट आपल्या प्रतीतला लॉग कॉलबॅक (लॉग लिहिताना बोलावलं जाणारं फंक्शन) बदलते, डीएलएल स्वतःच्या प्रतीतला जुनाच वापरत राहते, आणि टेस्ट का फेल होते ते डीबगरमध्येही पटकन उमगत नाही. पब्लिक एपीआयच्या टेस्टचं एक्झिक्युटेबल वेगळं ठेवा आणि ते फक्त खऱ्या डीएलएलशी लिंक करा. एक्सपोर्ट लावायचं राहिलं असेल, तर ते तिथेच पकडलं जातं.

मॅक्रोने ‘प्रायव्हेट’चं ‘पब्लिक’ करणं

जीसीसी कंपाइलरवर हे बहुधा खपून जातं. व्हिज्युअल सी प्लस प्लस मात्र मेंबर फंक्शनच्या मँगल केलेल्या (कंपाइलरने आतून बनवलेल्या) नावात ॲक्सेसही नोंदवतो, त्यामुळे टेस्ट एक नाव शोधते आणि ऑब्जेक्ट फाइलमध्ये दुसरंच असतं. ते लॉजिक आतल्या हेडरमधल्या साध्या फंक्शनमध्ये काढा. डिझाइनही सुधारतं.

नुसत्या ‘असर्ट’वर विसंबणं

सीमेकच्या रिलीज बिल्डमध्ये ‘एनडीबग’ हा मॅक्रो डिफाइन होतो आणि असर्टच्या, म्हणजे अट तपासणाऱ्या, ओळी नाहीशा होतात. काहीच तपासलं जात नाही, तरी टेस्ट पास! मुद्दाम चुकीची अट घालून रिलीजमध्ये एकदा चालवून पाहा.

टाइपचे आकार गृहीत धरणं

६४ बिट विंडोजवर ‘लाँग’ ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर ८ चा. ‘डब्ल्यूचार’ विंडोजवर २, लिनक्सवर ४. साधा ‘चार’ एआरएम लिनक्सवर सहसा अनसाइन्ड असतो, त्यामुळे ‘शून्यापेक्षा लहान’ ही तुलना तिथे कधीच खरी ठरत नाही.

टेस्ट सुरूच होत नसेल, तर डीएलएल एक्झिक्युटेबलच्या शेजारी आहे का ते बघा. सीमेक ३.२१ पासून ‘टार्गेट रनटाइम डीएलएल्स’ हे लागणाऱ्या डीएलएलची यादी देणारं जनरेटर एक्स्प्रेशन मिळतं. बिल्डनंतरच्या कॉपीच्या पायरीत तेच वापरा.