‘फ्रेश’ कुठे ताजं, कुठे ओलं, कुठे गोडं

मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे, तीन खोल्या, मागे विहीर, पुढे माड. पहिल्या सीझनला मेनूचा बोर्ड मीच इंग्रजीत लिहिला, बारावीपर्यंत इंग्रजी झालंय म्हणून भारी कॉन्फिडन्स होता, आणि त्यात मोठ्या अक्षरात ‘वेट कॅश्यू उसळ’ आणि ‘वेट कोकोनट चटणी’. बंगळुरूहून आलेल्या एका मुलीने बोर्ड वाचला आणि अगदी काळजीने विचारलं, आंटी काजू पावसात भिजले का? मला आधी कळेचना. मग तिनेच सांगितलं की ओले काजू म्हणजे ‘फ्रेश कॅश्यूज’ आणि ओलं खोबरं म्हणजे ‘फ्रेश कोकोनट’.

तेव्हापासून हा एक शब्द माझ्या डोक्यात बसलाय. आपण शाळेत शिकतो फ्रेश म्हणजे ताजं आणि तिथेच सोडून देतो, पण पाहुण्यांशी रोज बोलायचं तर तेवढ्यावर भागत नाही. मी एक साधी युक्ती करते, समोरची वस्तू फ्रेश नसती तर काय असती ते आधी बघायचं. उलटा शब्द सापडला की मराठी शब्द आपोआप हाताशी येतो.

उलटं ‘सुकं’ असेल तर फ्रेश म्हणजे ओलं. सुके बोंबील आणि ओले बोंबील, तर ओले बोंबील म्हणजे फ्रेश बोंबील. सुकी हळद, ओली हळद, तिथेही फ्रेश टर्मरिक. कोकणातल्या माणसाला हे सगळ्यात जास्त लागतं कारण आपल्याकडे अर्धा स्वयंपाक ओल्याचा आणि अर्धा सुक्याचा. फक्त कपडे ओले असतील, टॉवेल ओला असेल तर तिथे वेटच, आणि गंमत म्हणजे भिंतीचा रंग ओला असला तरी इंग्रज लोक पाटी ‘वेट पेंट’ अशीच लावतात.

उलटं ‘शिळं’ असेल तर फ्रेश म्हणजे आपलं नेहमीचं ताजं. फ्रेश ब्रेड, फ्रेश भाजी. पण शिळ्याला सरसकट स्टेल म्हणू नका हं. ब्रेड, बिस्किट, चिप्स स्टेल होतात, दूध नासलं तर सावर झालं किंवा गॉन ऑफ, मासा खराब झाला तर गॉन बॅड किंवा गॉन ऑफ. फुलं असतील तर फ्रेश फ्लॉवर्स म्हणजे टवटवीत फुलं, तिथे ताजी म्हटलं तरी चालतं पण टवटवीतची मजा नाही.

मासळीची गोष्ट जरा लांबवते कारण पाहुणे सगळ्यात जास्त तेच विचारतात, इज इट फ्रेश? आमची मासेवाली डोक्यावरची टोपली उतरवतानाच सांगते, ताजे आसत गो, आणि बांगड्याचे कल्ले उघडून दाखवते. आत लालभडक पाहिजे, डोळे वर आलेले नि चकचकीत पाहिजेत, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. हे सगळं मी पाहुण्यांना करूनच दाखवते, त्याला जास्त इंग्रजी लागत नाही. पण एका पुण्याच्या काकांनी वाद घातला की हा मासा बर्फात होता म्हणजे फ्रेश नाही. तसं नसतं. बर्फात ठेवलेला मासा चिल्ड, तो फ्रेशच्याच बाजूला धरतात, आणि उणे 18 डिग्रीला दगडासारखा गोठवून ठेवलेला तो फ्रोझन. आयात-निर्यातीच्या कोडमध्येसुद्धा फ्रेश आणि चिल्ड मासा एकत्र 0302 खाली येतो, फ्रोझनचा वेगळा, 0303. म्हणून 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असताना कोणी फ्रेश सुरमई म्हणून पाटी लावली तर दोनदा विचारा, ती फ्रोझन असू शकते, बिनइंजिनाच्या छोट्या होडीने किनाऱ्याजवळ पकडलेलं किंवा खाडीतलं काही असेल तर गोष्ट वेगळी.

आता पाणी. उलटं ‘खारं’ असेल तर फ्रेश म्हणजे गोडं. फ्रेश वॉटर म्हणजे ताजं पाणी नव्हे, गोडं पाणी, आणि फ्रेशवॉटर फिश म्हणजे नदी-तळ्यातला मासा, मग तो चार दिवसांचा का असेना. इथे मी दुसऱ्यांदा आपटले. विहिरीचं पाणी मचूळ नाही, गोडं आहे हे सांगायला एकाला म्हटलं, अवर वेल इज व्हेरी स्वीट, तर तो चाखून बघायला निघाला. खरं तर हा अर्थ फार जुना आहे, जुन्या इंग्रजीत ‘फेर्श’ असा शब्द होता आणि पाण्याबद्दल तो खारं नसलेलं अशाच अर्थाने वापरायचे. माझा मावसभाऊ बोटीवर आहे, त्यांच्याकडे समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनवायचं मशीन असतं त्याला फ्रेश वॉटर जनरेटर म्हणतात. त्याच्या तोंडी हा शब्द आमच्यापेक्षा सहज येतो.

आणि आता सगळ्यात डेंजर वापर. आपण मराठीत बिनधास्त म्हणतो, तुम्ही फ्रेश होऊन या मग चहा घेऊ. हेच इंग्रजीत उचलून माझ्या मिस्टरांनी एका अमेरिकन बाईंना सांगितलं, मॅडम यू गेट फ्रेश, माय सन विल शो बाथरूम. बाईंच्या भुवया वर. कारण तिकडे कोणाशी गेट फ्रेश होणं म्हणजे आगाऊपणा करणं, लगट करणं. बाई समजूतदार होत्या, हसल्या, पण मिस्टर दोन दिवस त्यांच्यासमोर गेले नाहीत. तर तिथे ‘फ्रेशन अप’ म्हणायचं, यू कॅन फ्रेशन अप, वी विल हॅव टी. आणि चेहरा तरतरीत दिसतोय म्हणायचं असेल तर यू लुक फ्रेश, ते चालतं, त्यात काही वावगं नाही.

हवेबद्दल दोन गोष्टी. जानेवारीत सकाळी इंग्लंडचं जोडपं अंगणात आलं आणि म्हणालं, बिट फ्रेश टुडे. मला वाटलं हवा आवडली, प्रत्यक्षात त्यांना गारठा लागत होता, शाल पाहिजे होती. दुसरं म्हणजे हवामानाच्या बातमीत फ्रेश ब्रीझ आलं की छान झुळूक समजून होडी घालू नका. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट स्केलवर ते पाच नंबरचं वारं, 17 ते 21 नॉट, म्हणजे ताशी 29 ते 38 किलोमीटर, समुद्रावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसतो. आमच्या शेजारचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, शब्द बघत नाहीत, नॉटचा आकडा बघतात.

बाकी वापर पटापट. फ्रेशर म्हणजे आपल्याकडे अनुभव नसलेला नोकरीवाला, ब्रिटनमध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, आणि ‘जास्त फ्रेश’ म्हणायलाही तोच शब्द. फ्रेश स्टार्ट, फ्रेश पेज म्हणजे नव्याने, कोरं. ग्राउंडसारख्या क्रियापदापासून झालेल्या विशेषणाआधी मात्र फ्रेशली, फ्रेशली ग्राउंड मसाला, बोर्डावर हे एवढं नीट लिहिलं तरी छाप पडते. आणि उच्चार फ्रेस नको, शेवटी ‘श’ नीट ऐकू येऊ दे.

राहता राहिलं ‘फ्रेश आउट ऑफ’. फ्रेश आउट ऑफ कॉलेज म्हणजे नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. पण फ्रेश आउट ऑफ शुगर म्हणजे साखर आत्ताच संपली! माझ्या लेकाने हे कुठेतरी व्हिडिओत ऐकलं आणि सुरमई संपली त्या दुपारी फाटकावर पाटी लावली, ‘वी आर फ्रेश आउट ऑफ सुरमई’. अर्ध्या तासात मुंबईच्या दोन गाड्या येऊन उभ्या, फ्रेश सुरमई आहे ना म्हणून, ताटं मांडायला सांगून मोकळे. काय करणार, बांगडे तळले.