सपाट पायांची चाल तपासण्याआधीची तयारी

रुग्णाला आदल्या दिवशीच फोनवर सांगा: गुडघ्यापर्यंत पाय उघडे राहतील अशी हाफ पँट आणायची, पैंजण काढून यायचं, पायाला तेल लावायचं नाही. तेलकट कातडीवर मार्करची खूण टिकत नाही. तरीही स्पिरिटचा बोळा हाताशी ठेवा.

जागा किमान ६ मीटर सलग, न घसरणारी. सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन पावलं मोजू नका, त्यात वेग घेणं आणि थांबणं असतं. मोबाइल ट्रायपॉडवर, घोट्याच्या उंचीवर, बरोबर मागे हवा. वाइड लेन्स नको, कडेला पाय वाकडा दिसतो. पाऊल साधारण ०.६ सेकंद जमिनीवर असतं, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत जेमतेम १८ चित्रं. १२० फ्रेमवर घ्या आणि उजेड भरपूर ठेवा, नाहीतर खुणा पुसट येतात.

खरी मेख खुणांत आहे. टाचेची रेषा आणि पोटरीची रेषा यांतला कोन त्यांवरूनच मोजायचा असतो. पालथं झोपवून पावलं टेबलाच्या कडेबाहेर काढा. टाचेची गादी सरकते, म्हणून दोन बोटांनी हाडाच्या दोन्ही कडा चाचपून मध्यावर वरखाली दोन ठिपके द्या. पोटरीच्या खालच्या भागातही दोन, पण टाचेमागच्या जाड शिरेच्या (अकिलिस टेंडनच्या) रेषेत नव्हे. सपाट पायात ती स्वतःच वाकलेली असते. तिथे पायाच्या रुंदीचा मध्य धरा. उभं केल्यावर पुन्हा चाचपा. कातडी सरकलेली असली तर ठिपके नव्याने द्या.

चालण्याआधी दोन गोष्टी नोंदवा. नाविक्युलर हाडाची (पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीवर असलेल्या हाडाची) जमिनीपासूनची उंची बसून, पाऊल आत-बाहेर न झुकवता मधल्या स्थितीत धरून घ्या, मग सैल उभं करून घ्या. १० मिमीपेक्षा जास्त फरक सहसा जादा मानतात. मग चवड्यांवर उभं करा. कमान उठून टाच आत वळली तर पाय लवचीक. वळली नाही तर पाय ताठर असेल किंवा कमान उचलून धरणारा टिबियालिस पोस्टिरिअर स्नायू दुर्बळ. दुखरा, ताठर पाय आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवा. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाचा न दुखणारा, लवचीक सपाट पाय बहुधा वयाचाच भाग असतो.

पाय बाहेर फेकत चालणाऱ्याची टाच कॅमेऱ्याला तिरपी दिसते आणि कोन फसवा येतो. म्हणून 'सरळ चाला' सांगू नका, सांगितलं की चालच बदलते. समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे बघायला सांगा, सरावाच्या दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, पाऊल किती बाहेर वळतं ते कोनाशेजारी लिहा. अशा दोन माणसांचे कोन शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आधी अनवाणी, बूट नंतर. बुटाच्या मागच्या बाजूवर लावलेली खूण बुटाची हालचाल दाखवते, आतल्या टाचेची नव्हे. शेवटी खुणा पुसून त्याच पायावर पुन्हा द्या आणि कोन मोजा. दोन मापांतला फरक बुटात घालायच्या इनसोलने मिळणाऱ्या अपेक्षित फरकाएवढा असला, तर इनसोलचा परिणाम या मापाने ठरवू नका.